जुन्या गाडीचं चार्जिंग: दोष बॅटरीत, वायरीत की ऑल्टरनेटरमध्ये?

सेल्फ मारला की नुसता टक्क आवाज येतो, म्हणून बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग ऑल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग) बदलला, तरी महिन्याभरात हेडलाइट पिवळे पडायला लागले. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं, कारण तपासणी उलट्या टोकाने सुरू होते. सर्वांत महाग भाग आधी बदलला जातो. वायरी, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि अर्थिंगचे, म्हणजे बॉडीला केलेले, जोड मात्र शेवटपर्यंत कुणी पाहत नाही, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. पंचवीस-तीस वर्षं उष्णता, ओल आणि हादरे सोसलेलं वायरिंग ही जुन्या गाडीची दुखरी नस आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि तासभर वेळ असेल, तर एकही भाग न उतरवता दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं. त्यासाठी क्रम पाळावा लागतो: आधी बॅटरी, मग बेल्ट, मग चालू इंजिनवरचं व्होल्टेज, मग वायरी, आणि ऑल्टरनेटर सगळ्यात शेवटी.

हाताशी काय हवं आणि काय टाळायचं

मल्टिमीटर, वायरी जोडलेला १२ व्होल्ट ५ वॅटचा टेस्ट लॅम्प, तारेचा ब्रश, पाने आणि बॅटरीला पाणी घालायची झाकणं असतील तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी). अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हला आणि अंगठी बॉडीला टेकली, तर बोट भाजायला क्षणही पुरेसा असतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी नको आणि डोळ्यांवर चष्मा हवा. टर्मिनल काढताना बॉडीला अर्थ केलेलं टर्मिनल आधी काढायचं आणि बसवताना ते शेवटी बसवायचं.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची पद्धत मात्र कायमची सोडून द्या. 'गाडी बंद पडली नाही, म्हणजे ऑल्टरनेटर चांगला' हा निष्कर्ष डायनॅमोच्या, म्हणजे ऑल्टरनेटरआधीच्या जनरेटरच्या, काळातला आहे. बॅटरी ही ऑल्टरनेटरसाठी उशीसारखी असते, व्होल्टेजचे धक्के ती पचवते. चालू गाडीत ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळतं आणि डायोड (ऑल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणारा) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) जळू शकतो. म्हणजे चांगला ऑल्टरनेटर त्या तपासणीतच बिघडतो. शिवाय, गाडी चालू राहिली तरी तो ५ अँपिअर देतोय की ४०, हे त्यातून कळत नाही.

पहिली पायरी: बॅटरी

बॅटरी अर्धवट उतरलेली असेल, तर पुढची सगळी मापं फसवी येतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, मीटरच्या टोकण्या थेट बॅटरीच्या खांबांवर टेकवा, क्लॅम्पवर नको. नुकतीच चालवलेली गाडी तपासायची असेल, तर इंजिन बंद करून हेडलाइट दोन मिनिटं लावा, मग विझवून पाच-दहा मिनिटं थांबा. वरवरचा चार्ज उतरला नाही, तर अर्धी रिकामी बॅटरीही भरलेली वाटते.

१२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १०.५ च्या आसपास आकडा येत असेल आणि चार्ज करूनही वर जात नसेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. ती बॅटरी काढून टाकण्यात शहाणपण आहे.

हायड्रोमीटर याहून खरं बोलतो, कारण तो प्रत्येक सेलचं वेगळं माप देतो. भरलेल्या सेलचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता) १.२६५ ते १.२८० असतं, निम्म्या भरलेल्याचं १.१९० च्या आसपास. दोन सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल, तर बाकीचे सेल कितीही चांगले असले तरी बॅटरी संपली असं धरा. डिस्टिल्ड वॉटर नुकतंच घातलं असेल, तर ते मिसळेपर्यंत हे माप घेऊ नका.

आता मीटर खांबांवर तसाच ठेवून दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. इग्निशनची कॉइल वायर काढून ठेवली म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ फिरताना १० च्या वर राहायला हवं. ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी दमलेली आहे किंवा स्टार्टर (सेल्फची मोटर) वाजवीपेक्षा जास्त करंट खातोय. उलट बॅटरी १२ वर ठाम आहे आणि सेल्फ मात्र फिरत नाही, तर दोष जोडांमध्ये किंवा स्टार्टरमध्ये आहे, चार्जिंगशी त्याचा संबंध नाही.

बॅटरी उतरलेली निघाली, तर चार्जरवर पूर्ण भरून मगच पुढे जा.

बेल्ट

हे दोन मिनिटांचं काम आहे, तरी सर्रास विसरलं जातं. सर्वांत लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर व्ही-बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जायला हवा. कडा चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील, तर ताण बरोबर असूनही बेल्ट घसरतो. व्ही-बेल्ट पुलीला त्याच्या बाजूंनी धरतो. तो झिजून पुलीच्या तळाला टेकला असेल, तर कितीही ताणा, पकड येणार नाही. ऑल्टरनेटरची पुली हाताने फिरवून पाहा. बेल्ट स्थिर राहून पुली फिरली, तर बेल्ट सैल आहे. फार घट्टही करू नका, कारण त्याची किंमत ऑल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग मोजतं. नवा बेल्ट थोडा चालल्यावर बसतो, तेव्हा ताण पुन्हा तपासावा लागतो.

चालू इंजिनवरचं माप

गाडी सुरू करा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १५०० ते २००० वर धरा, दिवे-पंखा सगळं बंद ठेवा आणि बॅटरीच्या खांबांवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. इंजिन थंड असताना आकडा वरच्या बाजूला असतो आणि तापल्यावर थोडा उतरतो. रेग्युलेटर तसाच बनवलेला असतो, त्यात काळजीचं कारण नाही.

आता भार टाका: हेडलाइटचा हाय बीम, हीटर किंवा एसीचा पंखा सर्वांत जोरात, मागच्या काचेचा डीफॉगर असेल तर तोही. त्याच आरपीएमवर व्होल्टेज १३.५ च्या वर टिकलं, तर चार्जिंग ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. १३ च्या खाली घसरलं, तर ऑल्टरनेटर मागणी पुरवू शकत नाही किंवा त्याने दिलेला करंट बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. व्होल्टेज बंद गाडीएवढंच, म्हणजे १२.५ किंवा त्याहून कमी राहिलं, तर चार्जिंग अजिबात होत नाही.

आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मोजून निकाल देऊ नका. ऑल्टरनेटर इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो, तरी आयडलवर त्याची पूर्ण ताकद मिळत नाही. आणि आधी बेरीज करून पाहा. दोन ६० वॅटचे हाय बीम मिळून ९ अँपिअरच्या आसपास घेतात. मागचे दिवे, इग्निशन, पंखा, वायपर आणि डीफॉगर धरले की ३५-४० अँपिअर सहज होतात. मूळ ऑल्टरनेटरच ३५ अँपिअरचा असेल आणि त्यावर जादा दिवे, ॲम्प्लिफायर, विजेचा रेडिएटर फॅन लादला असेल, तर तिथे काहीच बिघडलेलं नाही. तो फक्त अपुरा पडतोय.

व्होल्टेज ड्रॉप: जुन्या गाडीची खरी परीक्षा

ही तपासणी फार कमी ठिकाणी होते, आणि जुन्या गाड्यांतले निम्मे गोंधळ हिनेच सुटतील. ऑल्टरनेटर आपल्या टोकाला १४.२ व्होल्ट बनवतो, पण वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या थिंबलवर पाऊण व्होल्ट खर्च होतो आणि बॅटरीला १३.४ मिळतात. तेवढ्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. रोज थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि वर्षभरात ती जाते. दोष मात्र बॅटरीच्या माथी मारला जातो.

ओहम, म्हणजे जोडाचा रोध, मोजून हा दोष सापडत नाही. ४० अँपिअरवर ०.८ व्होल्ट खाणाऱ्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम असतो आणि साधा मीटर एवढं दाखवूच शकत नाही. वायरीतला एकच तंतू शिल्लक असला, तरी मीटर 'शून्य' म्हणून मोकळा होतो. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

इंजिन २००० आरपीएमवर, वरचा सगळा भार चालू. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोकणी ऑल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, म्हणजे बी प्लसवर, आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. टोकणी आणि तिची वायर पंखा-बेल्टपासून लांब ठेवा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर असेल, तर त्या वाटेत दोष आहे. मग काळी टोकणी एकेक जोड मागे आणत जा: बॅटरीचा क्लॅम्प, फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरीचा तुकडा), स्टार्टरच्या सोलेनॉइडवरचा (त्याच्या विजेच्या स्विचवरचा) बोल्ट, वाटेतला कनेक्टर. ज्या जोडाला ओलांडताच आकडा धाडकन उतरतो, तोच गुन्हेगार. डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असलेल्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट त्याच्या मागच्या दोन नटांमधून जातो. ते सैल झाले की चार्जिंग तर घटतंच, वायर वितळून आगही लागू शकते. तिथलं इन्सुलेशन तपकिरी पडलं असेल, तर बॅटरी सोडवून ते काम आधी हाती घ्या.

आता अर्थची बाजू. एक टोकणी ऑल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. ०.२ व्होल्टच्या वर काही नको. जास्त आलं तर इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी अशा दोन्ही अर्थपट्ट्या तपासा. इंजिन उतरवून चढवताना ही पट्टी लावायची राहून जाते किंवा रंगावरच कसली जाते. मग परतीचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली, तर आणखी पुरावा नको.

दुरुस्ती साधी आहे. जोड खोलून धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. बॅटरीवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने निघतो, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. वायरीचं टोक आतून काळं पडलं असेल, तर स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापून नवा थिंबल दाबा.

चार्जिंगचा दिवा काय सांगतो

तो लाल दिवा नुसता इशारा देत नाही, सर्किटमध्ये त्याला कामही असतं. किल्ली फिरवल्यावर इग्निशनकडून दिव्यातून आणि रेग्युलेटरमधून थोडा करंट रोटरला (ऑल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला) मिळतो आणि त्याने ऑल्टरनेटरमध्ये पहिलं चुंबकत्व जागं होतं. निर्मिती सुरू झाली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखं व्होल्टेज येतं आणि तो विझतो. एवढं ध्यानात ठेवलं की त्याची प्रत्येक खोड ओळखता येते.

किल्ली चालू, इंजिन बंद, तरी दिवा लागत नाही: ऑल्टरनेटरची दिव्याकडे जाणारी बारीक वायर काढा आणि बॉडीला टेकवा. दिवा लागला तर दोष ऑल्टरनेटरच्या आत आहे, बहुधा झिजलेले कार्बन (रोटरला करंट पोहोचवणारे ब्रश) किंवा तुटलेला रोटर. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर गेली आहे. बारीक आणि जाड वायरीत घोटाळा करू नका. जाड वायर थेट बॅटरीची असते, ती बॉडीला टेकली तर मोठा जाळ होईल.

गाडी सुरू केल्यावर चार्जिंग नाही, पण एकदा जोरात ॲक्सिलरेटर दाबला की येतं आणि मग टिकतं: बल्ब उडालेला आहे किंवा त्याच्या जागी कुणीतरी एलईडी बसवला आहे. एलईडीमधून रोटर जागा होण्याइतका करंट जात नाही. मूळ २ ते ३ वॅटचा बल्ब परत बसवा.

इंजिन चालू असताना मंद मिणमिणतो: बहुतेकदा इग्निशन स्विचकडच्या वाटेवर किंवा जाड वायरीवर ड्रॉप आहे, नाहीतर एखादा डायोड गेला आहे. किल्ली काढल्यावरही लागलेला राहतो: पॉझिटिव्ह बाजूचा डायोड शॉर्ट झाला आहे. तो रात्रीतून बॅटरी संपवेल, तेव्हा दुरुस्तीपर्यंत बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा.

दिवा नीट विझतोय म्हणून चार्जिंग पुरेसं आहे, असं मात्र समजू नका. १३ व्होल्टवर रखडलेल्या गाडीतही तो गुपचूप विझलेला असतो.

ऑल्टरनेटरवर संशय पक्का झाल्यावर

वायरी निर्दोष आहेत आणि बी प्लसवरच व्होल्टेज कमी आहे, तरच इथे यायचं. आधी डायोड. मीटर एसी (उलटसुलट प्रवाहाच्या) व्होल्टवर ठेवून, हेडलाइट लावून, २००० आरपीएमवर बॅटरीवर मोजा. चांगल्या ऑल्टरनेटरला ०.१ च्या आसपास येतं, ०.५ च्या वर गेलं तर डायोड फुटला समजा. मीटर या कामाचा आहे का, तेही पाहा. इंजिन बंद असताना तो एसीवर शून्य दाखवायला हवा. काही स्वस्त मीटर साध्या बॅटरीवर २५-२६ व्होल्ट दाखवतात आणि टोकण्या उलटवल्या की शून्य. त्यांच्या एसी मापावर विसंबता येत नाही. रेडिओत इंजिनाबरोबर चढणारी शीळ किंवा ऑल्टरनेटरची गुरगुर हीसुद्धा डायोडची खूण असते.

उतरवल्यावर कार्बन पाहा. बहुतेक ऑल्टरनेटरमध्ये ते होल्डरच्या बाहेर किमान ५ मिलिमीटर असायला हवेत आणि स्प्रिंगवर मोकळे सरकायला हवेत. स्लिप रिंगवरचा (कार्बन ज्यांवर घासतात त्या रोटरच्या कड्यांवरचा) काळा थर बारीक पॉलिश पेपरने निघतो, खोल खाच पडली असेल तर नाही. दोन रिंगांमध्ये रोटरचा रोध साधारण २.५ ते ५ ओहम यायला हवा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्यातून वजा करा. रिंग आणि शाफ्ट यांच्यात काहीही येता कामा नये. रोटर तुटलेला दाखवत असेल, तर रिंगपाशी तारेचा झाळलेला जोड बघा. कित्येकदा तेवढाच सुटलेला असतो आणि पुन्हा झाळता येतो. डायोड मीटरच्या डायोड मापावर एका दिशेने ०.५ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्हीकडे सारखं आलं तर डायोडची प्लेट बदला.

गाडी थंड असताना सगळं ठीक आणि अर्ध्या तासाने दिवा लागतो, अशी तक्रार असेल तर तपासणीही तापलेल्या इंजिनावर करा. गरम झाल्यावर सुटणारे जोड थंडीत निर्दोष वाटतात.

जास्त चार्जिंग

१५ व्होल्टच्या वर आकडा गेला, बॅटरीचं पाणी वारंवार कमी होत असेल, सडक्या अंड्याचा वास येत असेल, बल्ब सारखे उडत असतील, तर रेग्युलेटर पाहायचा. पण आधी त्याची वायर तपासा. ज्या गाड्यांत रेग्युलेटर वेगळ्या बारीक वायरीने व्होल्टेज 'बघतो', तिथे त्या वायरीवर एक व्होल्टचा ड्रॉप असेल, तर त्याला बॅटरी रिकामी दिसते आणि तो एक व्होल्ट जास्त बनवायला सांगतो. वेगळ्या बसवलेल्या रेग्युलेटरचं अर्थ सुटल्यावरही असंच होतं. रेग्युलेटर बिचारा आपलं काम चोख करत असतो, त्याला मिळणारी बातमी चुकीची असते.

डायनॅमोच्या गाड्या

१९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत डायनॅमो आणि वेगळी कंट्रोल बॉक्स (रेग्युलेटर आणि कटआउटची पेटी) असते. आयडलवर दिवा लुकलुकणं इथे स्वाभाविक आहे. लुकास पद्धतीच्या डायनॅमोची कसोटी अशी: डी (मुख्य) आणि एफ (फील्डची) या दोन्ही वायरी काढा, डायनॅमोवरची ती दोन टर्मिनलं छोट्या वायरीने एकमेकांना जोडा, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा आणि आयडलवरून वेग हळूहळू वाढवा. साधारण १००० आरपीएमपर्यंत व्होल्टेज न अडखळता २० कडे चढायला हवं. त्याच्या वर नेऊ नका. काहीच आलं नाही तर कार्बन बघा. एखादाच व्होल्ट आला तर फील्ड वाइंडिंग (चुंबकत्व देणारं स्थिर वेटोळं), चार-पाच आले तर आर्मेचर (आतला फिरता भाग). चढलं, तर डायनॅमो चांगला आहे आणि दोष कंट्रोल बॉक्समध्ये किंवा तिच्या वायरीत. तिथला कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जोडला जायला हवा. काम झाल्यावर डी आणि एफ वायरी अदलाबदल न करता लावा. कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा, कार्बन घासणारा तांब्याचा भाग) काचपेपरने घासावा, एमरीने नको, कारण एमरीचे कण तांब्यात रुततात. यांतल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी लावण्याआधी ते तपासाच.

चार्जिंग ठीक, तरी बॅटरी उतरते

मग उभ्या गाडीत कुणीतरी करंट पितोय. किल्ली काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी टर्मिनल आणि खांब यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. तो ठळक पेटला तर गळती मोठी आहे, मीटर लावलात तर त्याचा फ्यूज उडू शकतो. दिवा लागला नाही किंवा जेमतेम मिणमिणला, तर तिथेच मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका. घड्याळ आणि रेडिओ एवढंच असलेल्या जुन्या गाडीत १०-२० मिलिअँपिअर चालतील, ५० च्या वर शोध घ्यायचा. ग्लोव्ह बॉक्समधला विझायचा राहिलेला ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर घेतो आणि ४५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी साडेचार दिवसांत पार रिकामी करतो.

एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही, तर गळती फ्यूज नसलेल्या वायरीवर आहे. बॅटरी पूर्ण सोडवा, ऑल्टरनेटरची जाड वायर काढून तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा शून्याकडे गेला, तर डायोड झिरपतोय. चालू गाडीत १४ व्होल्ट नीट देणारा ऑल्टरनेटरही रात्री बॅटरी पिऊ शकतो.

नवा किंवा दुरुस्त ऑल्टरनेटर बसवल्यावर त्याच्या भरवशावर रिकामी बॅटरी भरायला सोडू नका. तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो, तापतो, आणि नवे डायोड पहिल्याच दिवशी भाजतात. बॅटरी आधी चार्जरवर १२.६ पर्यंत आणा, बी प्लसच्या बोल्टवर रबरी टोपी चढवा आणि भार टाकून दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप पुन्हा एकदा मोजा.